मान उचलून दाखवा

कीटकनाशक पोटात गेलेला माणूस वॉर्डात आला की पहिले काही तास नुसती धावपळ असते. तोंडाला फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ॲट्रोपिन द्यायचं, पाच मिनिटांनी पाहायचं, फरक नसेल तर डोस दुप्पट करायचा, पुन्हा पाच मिनिटं. छाती कोरडी झाली, नाडी ८० च्या वर गेली, काखेतला घाम थांबला की आपणही जरा भिंतीला टेकतो. बाहेर नातेवाईक विचारतात, "वाचलं ना ओ लेकरू?" आणि नेमकी तिथेच फसगत होते. कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, माणूस शुद्धीवर असताना, बोलत असताना, चहा मागत असताना त्याचे श्वासाचे स्नायू ढिले पडायला लागू शकतात. याची पहिली खूण बहुतेक वेळा मानेत दिसते. म्हणून या रुग्णांना प्रत्येक राउंडला आम्ही एक गोष्ट करायला सांगतो: "मान उचलून दाखवा." उशीवरून डोकं उचलता आलं नाही, तर वेळ न घालवता व्हेंटिलेटर शोधायला लागायचं.

मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मी एमडी मेडिसिन केलं. कापूस-सोयाबीनचा भाग, त्यामुळे आमच्या वॉर्डात विषबाधेचा एकतरी रुग्ण नाही असा दिवस क्वचितच गेला असेल. तीन वर्षांत हे वाक्य मी किती वेळा बोलले त्याची मोजदाद नाही. मला स्वतःला मात्र मान उचलता येत नाहीये, म्हणजे मीच मनाने आजारी पडलेय, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ते कसं झालं आणि त्यातून मी कशी बाहेर आले, ते लिहायचं खूप दिवस मनात होतं.

मी रुजू झाले २०२० च्या पावसाळ्यात. म्हणजे थेट कोविड वॉर्डात. कोविडबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. प्रत्येकाने आपापला कोविड पाहिला आहे. एवढंच सांगते की २०२१ च्या एप्रिलमध्ये एका रात्री मी मृत्यूच्या कारणाचे ११ दाखले लिहिले आणि शेवटच्या तीन दाखल्यांवर माझं अक्षर माझं राहिलं नव्हतं. पण त्या दिवसांत मी कोसळले नाही. कुणीच कोसळलं नाही. अंगात काहीतरी संचारल्यासारखं झालं होतं. आपण नसलो तर हे लोक कुठे जातील, एवढा एकच विचार असायचा आणि तो पुरायचा.

कोसळले ती नंतर. लाट ओसरली, पीपीई किट अंगावरून उतरलं, बातम्यांमधून आमचे फोटो गेले, त्यानंतर. विषबाधेचा रुग्ण जसा तिसऱ्या दिवशी फसवतो, तसंच.

त्यात एक गोष्ट अशी झाली जी बाहेरच्या लोकांना फारशी माहीत नाही. पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा १८ एप्रिल २०२१ ला व्हायची होती. ती पुढे ढकलली आणि ११ सप्टेंबरला झाली. मग आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि प्रवेशफेरी सुरू व्हायला १२ जानेवारी २०२२ उजाडला. कागदावर ही फक्त तारखांची गोष्ट आहे. वॉर्डात तिचा अर्थ असा होता की आमच्या वरची बॅच परीक्षा देऊन निघून गेली आणि आमच्या खालची बॅच आलीच नाही. तीन बॅचचं काम दोन बॅच करत होत्या. मेडिसिनमध्ये पहिल्या वर्षाचा रेसिडेंट म्हणजे वॉर्डाचे हातपाय. पहाटे पाचला सगळ्यांचं रक्त काढायचं, ते लॅबला पोचवायचं, रिपोर्ट आणायचे, पेशंटला स्ट्रेचरवर सीटी स्कॅनला न्यायचं, रक्तपेढीत उभं राहायचं, डिस्चार्ज कार्ड लिहायची. हे एक वर्ष करायचं असतं आणि त्या एका वर्षाची सगळ्यांची मनाची तयारी असते. मी ते जवळजवळ पावणेदोन वर्षं केलं, आणि वर दुसऱ्या वर्षाची जबाबदारीही माझीच होती.

इमर्जन्सी डे म्हणजे काय तेही सांगायला हवं. प्रत्येक युनिटचा, म्हणजे डॉक्टरांच्या गटाचा, वार ठरलेला असतो. त्या दिवशी सकाळी नऊपासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत येणारा प्रत्येक पेशंट तुमच्या युनिटचा. मग त्या सगळ्यांचा राउंड, मग रिपोर्ट, मग कामं. म्हणजे काल सकाळी सातला खोलीतून निघालेली मी आज रात्री आठ-नऊला परत. मध्ये झोप मिळाली तर तास-दीड तास, तीही खुर्चीत. आमच्याकडे मुलं कमी असल्यामुळे आठवड्यात अशा दोन इमर्जन्सी यायच्या. उरलेले दिवस बारा-चौदा तासांचे. मी एकदा वहीत बेरीज केली, आठवड्याचे १०८ तास झाले. निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास साधारणपणे दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ असावेत, असा केंद्र सरकारचा आदेश १९९२ सालचा आहे. म्हणजे आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधीचा.

मला काय होतंय हे मला २०२१ च्या ऑक्टोबरपासून जाणवत होतं, फक्त त्याला नाव द्यायची माझी तयारी नव्हती. पहिली गोष्ट म्हणजे माणसांची नावं गेली. "बाराची शुगर काय?" "एकवीसला डायलिसिसला कधी न्यायचं?" "सातची ओपी (म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा) मान उचलतेय का?" वॉर्डात सगळेच असं बोलतात, कामाच्या घाईत ते सोयीचंही असतं. पण पूर्वी मला बेड नंबरच्या मागे माणूस दिसायचा. आता फक्त नंबर दिसत होता. नातेवाइकांनी तेच तेच विचारलं की मी उत्तर देत होते, पण त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते. एक बाई माझ्या ॲप्रनची बाही धरून म्हणाली, "मॅडम, एकदा माझ्याकडं बघून सांगा की ओ." मी बघितलं आणि मला काहीच वाटलं नाही. राग नाही, कीव नाही, काहीच नाही.

नोव्हेंबरमधल्या एका पहाटे चार वाजता एक तरुण मुलगा गेला. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. आम्ही सीपीआर दिला, थांबवला, वेळ लिहिली. आणि त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला तो असा होता: आता तास-दीड तास झोपायला मिळेल. बाहेर त्याची आई जमिनीवर बसली होती. तिला सांगायला जाताना माझ्या डोक्यात झोपेचाच हिशेब चालू होता. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. आपण वाईट डॉक्टर झालो आहोत, मुळात आपण वाईट माणूसच असू आणि ते आता उघडं पडलंय, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलं. आणि ते वाटणं गेलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात माझ्या हातून एक चूक झाली. बेड १२ वर डायबिटिक किटोॲसिडोसिसची, म्हणजे मधुमेह फार बिघडून रक्तात आम्ल वाढलेली, एक मुलगी होती, तिला सलाईनमधून पोटॅशियम द्यायचं होतं. बेड २१ वर किडनी निकामी झालेले एक आजोबा होते, त्यांचं पोटॅशियम आधीच ६ च्या वर होतं. मी तिची ऑर्डर त्यांच्या कागदावर लिहिली. ते गेलं असतं तर आजोबांचं हृदय थांबू शकलं असतं. रात्रपाळीच्या सिस्टर कागद घेऊन माझ्याकडे आल्या. आरडाओरडा नाही, चारचौघांत नाही. हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, हे बाराचं की एकवीसचं?" मी कागदाकडे बघत राहिले. हात थरथरायला लागले. त्यांनी कागद काढून घेतला, मला नर्सिंग स्टेशनच्या मागच्या खोलीत बसवलं आणि विचारलं, "शेवटचं जेवण कधी झालं?" मला आठवेना. खरंच आठवेना. त्या वयाने माझ्या आईएवढ्या. डब्यातली भाकरी आणि पिठलं माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "बाळा, तू आधी जेव. आणि मग कुणालातरी दाखव स्वतःला."

त्या वेळी मला ते दाखवणं म्हणजे रक्त तपासणं वाटलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते दोन दिवसांनी कळलं. एका पहाटे खोलीवर आडवी झाले आणि मनात आलं, आता झोप लागावी आणि उठूच नये. अगदी शांतपणे आलं, पाण्याचा ग्लास हवा वाटावा तितक्या सहज. आणि मी उठून बसले. कारण हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडण्याआधी मानसोपचार विभागाला दाखवायचं असतं. त्या रेफरन्सच्या कागदावर मी शेकडो वेळा सही केली होती. त्याआधी पेशंटला मीच विचारायचे, "जगावंसं वाटत नाही असं वाटतं का? झोपलो तर उठूच नये असं मनात येतं का?" उत्तर हो आलं की मी पेशंटला एकटं सोडत नसे. आता उत्तर माझंच हो होतं आणि खोलीत मी एकटी होते.

मी माझ्या को-रेसिडेंटला फोन केला. तो वॉर्डात होता. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, पण त्याला कळलं. तो काम टाकून आला, दारात उभा राहिला, आणि म्हणाला, "तू उद्या जाऊन ये. तुझी इमर्जन्सी मी करतो." या एका वाक्याबद्दल मला पुढे बरंच लिहायचं आहे.

आमच्याच हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग होता, चांगला होता. पण तिथे जायचं म्हणजे केसपेपरच्या खिडकीवर आपलं नाव सांगायचं, आणि खिडकीवरचे मामा ओळखीचे. ओपीडीबाहेरच्या बाकावर बसायचं, समोरून आपले विद्यार्थी जाणार. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे, त्यात गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, तो मी पेशंटना सांगतही असे. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्या हक्कावर माझा विश्वास बसला नाही. मी सोलापूरला जायचं ठरवलं, कारण तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. एसटीचा संप चालू होता. काळीपिवळी जीपने, दोनदा गाडी बदलून, मास्क नाकावर घट्ट ओढून गेले.

डॉक्टर साठीचे होते. मी आत गेल्या गेल्या माझी केस सादर करायला लागले, सरांसमोर राउंडला करतो तशी. वय, लक्षणं, कालावधी, "पीएचक्यू-९ वर माझा स्कोअर १७ येतो." नैराश्य मोजण्याचे ते नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. १५ ते १९ म्हणजे मध्यमाच्या पुढे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही डॉक्टरची बाजू झाली. आता पेशंटला बोलू द्या." मी बहुतेक चाळीस मिनिटं रडले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. बाहेर पेशंट ताटकळलेले होते, मला ते ऐकू येत होतं, आणि तरी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग त्यांनी मला एका गोष्टीची फोड करून सांगितली, जी माझ्या पुढच्या सगळ्या प्रवासाला उपयोगी पडली. म्हणाले, तुम्हाला दोन गोष्टी झाल्या आहेत. एक नैराश्य, तो आजार आहे, त्याला औषध आहे. दुसरी म्हणजे बर्नआउट, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाशी निगडित घटना म्हटलं आहे. त्याची तीन अंगं आहेत. पार गळून जाणं, कामापासून आणि माणसांपासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही असं वाटणं. तुम्ही त्या मुलाच्या मृत्यूनंतर झोपेचा विचार केलात, ते दुसरं अंग आहे. तो तुमचा स्वभाव नाही. ते लक्षण आहे, जसा कावीळ झालेल्याचा डोळा पिवळा होतो तसं. आणि पुढे म्हणाले, "गोळी मी पहिल्या गोष्टीसाठी देतोय. दुसरीचं औषध माझ्याकडे नाही. ते तुमच्या ड्युटीच्या तक्त्यात आहे."

हे वाक्य ऐकून मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. आमच्याकडे दुसऱ्या लाटेनंतर रेझिलियन्सवर एक ऑनलाइन व्याख्यान ठेवलं होतं, सगळ्यांना हजेरी सक्तीची. चिवट कसं व्हावं, दीर्घ श्वसन कसं करावं, दिवसातून तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता कशी मानावी. मी तीस तास जागी होते आणि ते ऐकत होते. बोलणाऱ्या बाई मनापासून सांगत होत्या, त्यांच्याबद्दल मला राग नाही. पण त्या तासाभरात मला एवढंच कळलं की मी चिवट नाही, आणि ती माझीच कमतरता आहे. आज मला ठामपणे वाटतं की ज्या माणसाला झोपू दिलेलं नाही त्याला चिवटपणा शिकवणं हा अन्याय आहे. श्वसनाचे व्यायाम मी नंतर केले, त्यांचा उपयोगही झाला. पण आधी झोपले, मग झाला.

डॉक्टरांनी पहिल्यांदा रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड ठीक होतं. हिमोग्लोबिन ९.४ होतं. रोज दहा बायकांना लोहाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या माझं हिमोग्लोबिन ९.४. मग नैराश्यावरची गोळी एसिटालोप्रॅम, आठवडाभर ५ मिलिग्रॅम, नंतर १०. आणि रजा.

रजा ही गोळीपेक्षा अवघड होती. आमच्या युनिट हेडसमोर मी उभी राहिले आणि खोटं बोलायचं नाही असं ठरवून सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "तू गेलीस तर युनिट कसं चालवायचं, सांग." तो टोमणा नव्हता, खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. आमच्याकडे कुणी रजा का घेत नाही, ते लोकांना कळत नाही. भीती टर्म, म्हणजे शिक्षणाचा काळ, वाढण्याची असते, सीट सोडली तर भराव्या लागणाऱ्या लाखांच्या दंडाची असते, हे खरंच. पण सगळ्यात मोठी गोष्ट ही की माझी रजा सरकार देत नाही, माझा सोबती देतो. मी झोपले त्या प्रत्येक रात्री माझ्या वाट्याचे पेशंट तो बघत होता. त्यालाही आई-वडील होते, त्याचंही वजन उतरलं होतं, त्याच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी वीस दिवस घरी राहिले, आणि त्यातल्या पहिल्या आठवड्यात रोज रात्री नऊ वाजता मला आठवायचं की आता तो कॅज्युअल्टीत उभा असेल. बरं होण्याचीही अशी लाज वाटावी, अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे.

घर धाराशिव जिल्ह्यात. अण्णांची थोडी शेती. आईने काही विचारलं नाही, पहिले चार दिवस मी झोपतच होते, ती दर थोड्या वेळाने येऊन बघून जायची. अण्णांना ते झेपलं नाही. "एवढं शिकून डॉक्टर झालीस आणि तूच गोळ्या खातेस, लोकांना काय सांगायचं?" त्यांनी गावात सांगितलं की मला टायफॉइड झालाय. मी काही बोलले नाही. गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, छातीत धडधड वाढली, मला वाटलं बंद कराव्यात. मीच कितीतरी पेशंटना सांगितलंय की सुरुवातीला असं होतं, दोन-तीन आठवडे थांबा, मध्येच सोडू नका. स्वतः खाल्ल्याशिवाय ते दोन-तीन आठवडे किती लांब असतात ते कळत नाही. अठराव्या दिवशी सकाळी आई चुलीवर भाकरी करत होती आणि मला तिचा वास आला. म्हणजे वास रोजच येत असणार. पण त्या दिवशी मला भूक लागली. बरं वाटायला लागल्याची माझी खूण ती.

सोलापूरच्या डॉक्टरांनी एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं होतं. आठवड्यातून एकदा फोनवर पाऊण तास. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "गेल्या महिन्यातल्या तुमच्या एका पेशंटचं नाव सांगा." मला सांगता आलं नाही. निदानं सांगता आली, क्रिएटिनिन सांगता आलं, बेड नंबर सांगता आले. नाव एकही नाही. तेव्हा त्यांनी मला एक काम दिलं. परत गेल्यावर रोज एका पेशंटबद्दल एका वहीत लिहायचं: त्याचं नाव, आणि आजाराशी संबंध नसलेली एक गोष्ट. एवढंच. मला ते बालिश वाटलं होतं आणि मी त्यांना तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस करून बघा, मग सांगा."

ओमायक्रॉनची लाट सुरू झाली आणि मला जानेवारीच्या सुरुवातीला परत यावं लागलं, दोन दिवस आधीच. चार आठवडे रात्रपाळी देऊ नये असं पत्र होतं. दोन आठवडे पाळलं गेलं. दोनही खूप होते. पहिल्या दिवशी वॉर्डच्या दारात माझे पाय थांबले. सिस्टर दिसल्या. त्यांनी काही विचारलं नाही, डबा उघडून दाखवला आणि म्हणाल्या, "एक वाजता, मागच्या खोलीत." पुढचे दोन महिने एक वाजता मी जेवले. फार मोठी गोष्ट होती ती.

वही सुरू झाली. पहिल्या दिवशी लिहिलं: या आजी, नाव अमुक, शेळी शेजारणीकडे ठेवून आल्यात, तिचं दूध कोण काढणार याची काळजी. दुसऱ्या दिवशी: हा मुलगा, पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे पळायला जातो. तिसऱ्या दिवशी मला काही लिहायला मिळेना, म्हणून मी एका बाईंच्या पलंगाशेजारी मुद्दाम दोन मिनिटं थांबले. त्या दोन मिनिटांत कळलं की त्यांनी औषधं अर्धीच घेतली होती, कारण मेडिकल दुकानात अर्ध्याचेच पैसे होते. त्यांची शुगर का उतरत नाही याचा शोध आम्ही पाच दिवस घेत होतो.

मार्चपर्यंत नवीन मुलं आली. दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्या हाताखाली कुणी होतं. मी आणि माझा को-रेसिडेंट, आम्ही दोघांनी बसून एक तक्ता केला. वरून काही आदेश नव्हता. आमच्या हातात होतं तेवढंच केलं. इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पहिल्या वर्षाचं मूल वॉर्डाबाहेर गेलंच पाहिजे, राहिलेलं काम आम्ही करायचं. रात्री आळीपाळीने तीन तास सलग झोप, फोन दुसऱ्याकडे देऊन. आणि पोटॅशियमची कुठलीही ऑर्डर रात्री बारानंतर लिहिली तर ती दोघांनी वाचायची. काही सीनियर म्हणाले की आम्ही मुलांना लाडावून ठेवतोय, आम्ही जसं सोसलं तसं त्यांनी सोसल्याशिवाय ती शिकणार नाहीत. याच्याशी मी तेव्हाही सहमत नव्हते, आजही नाही. मी छत्तीसाव्या तासाला काही शिकले नाही. जे शिकले ते पहिल्या बारा तासांत.

गोळ्या मी ११ महिने घेतल्या, मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करून थांबवल्या. मध्ये एकदा, परीक्षेच्या आधी, पुन्हा झोप उडाली. या वेळी वाट पाहिली नाही, चौथ्या दिवशी फोन केला. अण्णा दर फोनवर विचारायचे, "सोडल्यास का गोळ्या?" मग गेल्या वर्षी दिवाळीत शेजारचा एक तरुण पोरगा सोबत घेऊन ते माझ्या खोलीच्या दारात आले. त्याला आत बसवलं, आणि बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "याचं पीक गेलंय. जेवत नाही, झोपत नाही. तुला झालं होतं तसं असेल का, बघ." टायफॉइडचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

२०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाचा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा अहवाल आला. पाहणीत उत्तरं देणाऱ्या ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं होतं. मी तो आकडा वाचून फोन बाजूला ठेवला. दहात तीन. आमच्या युनिटच्या राउंडला आम्ही दहा जण उभे असायचो. आपल्याखेरीज आणखी कोण होतं, हे मी आठवत राहिले, एकेकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून, आणि मला सांगता येईना. अहवालाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, एक सुट्टी, आणि रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस केली आहे. शिफारस चांगली आहे. १९९२ चा आदेशही चांगलाच होता.

आता मी एका लहान शहरात फिजिशियन आहे. जुन्या कॉलेजातल्या मुलांचे अधूनमधून फोन येतात, बहुतेक रात्री उशिरा, आणि सुरुवात नेहमी एखाद्या केसपासून होते. "मॅडम, एक ईसीजी पाठवलाय, बघता का?" ईसीजी बघून झाला की मी विचारते, आज जेवलास का, कालचा दिवस किती तासांचा होता, उठूच नये असं वाटतं का. शेवटचा प्रश्न मी आडून विचारत नाही. सरळ विचारते, जसा पेशंटला विचारते. विचारल्याने विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे, उलट विचारलं की माणूस बोलायला लागतो. दोघांनी आजवर हो म्हटलं आहे. एकाला मी त्याच रात्री त्याच्या रूममेटच्या ताब्यात दिलं आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरला पाठवलं. दुसरीला इतक्यात कुणाला भेटायचं नव्हतं. तिच्या मैत्रिणीला, तिला विचारूनच, सोबतीला बोलावून घेतलं. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिला, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलतात. आणि ती तो लावत असताना मी दुसऱ्या फोनवर थांबून राहिले. तिथून तिने पुढची पायरी स्वतः चढली.

वही अजून चालू आहे, ही चौथी. नावं तिथे लिहिते, इथे लिहीत नाही. काल रात्री लिहिलं: वय ४१, विषबाधेचा तिसरा दिवस, सकाळी आणि संध्याकाळी मान उचलली, नीट उचलली. मुलगी दहावीला आहे. तिचा शेवटचा पेपर होईपर्यंत तिला काही सांगू नका म्हणाले, आणि मग बराच वेळ तिच्या गणिताबद्दल बोलत होते.